घडी मोडणारं कुणीतरी

मुलीच्या रिपोर्टसाठी दवाखान्यातल्या बाकावर बसलोय. शेजारी बायको पदराच्या टोकाची घडी घालते, मोडते, पुन्हा घालते. तिला टेकून बसलेली मुलगी तीन वर्षांची झाली, अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणाले होते, पेशीत डीएनएचा धागा बारीक रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांना चिकटणारी काही प्रथिनं तो सैल करतात, तेव्हाच जनुक वाचलं जातं. त्यातलंच एक प्रथिन बिघडलं असावं.

"म्हणजे साडी कपाटात आहे," बायको तेव्हा म्हणाली, "पण घडी मोडायला कुणी नाही."

आमच्याकडे नव्या साडीची घडी नणंद मोडते. किती सहज बोलावतो आपण तिला! इथं हाक कुणाला मारायची?

आतून मुलीचं नाव पुकारलं. बायकोची मूठ पदरावर आवळली. मुलगी तिचं एकेक बोट सोडवू लागली.