काळी खपली

ड्रेसिंग सोडायला घेतलं की पेशंट भिंतीकडे तोंड करतात. आमची वेसाव्याची कोळीण मावशी उलट पुढे वाकायची. उजवा हात माझ्या नाकाखाली धरायची आणि जखमेवर डोळे लावून बसायची.

"मावशी, तिकडे बघ ना जरा," मी म्हणायची.

"कशाला गो बाय? मासली कापताना मी मान फिरवतंय का?"

घाला बघू अशा बाईशी वाद!

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी अंधेरीच्या एका छोट्या हॉस्पिटलात नर्स होते. मावशी जवळच्याच बाजारात ओट्यावर बसून मासे विकायची, कापून द्यायची. तिला मूत्रपिंडाचं दुखणं होतं आणि त्यासाठी रोजच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्या दुखणं दाबतात, पण अंगाची रोगाशी झुंजायची ताकदही दाबून टाकतात. चेहरा मात्र फुगून गोल होतो. त्यामुळे घरचे खूश. सुनेच्या गालांवर मांस चढलं, याचं श्रेय सासू स्वतःच्या हातच्या जेवणाला द्यायची.

अशात एका सकाळी शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा तिच्या मनगटाच्या वर घुसला. काटा लागणं हे त्यांच्यात दुखणं म्हणून कोणी धरतच नाही. हळद दाबली, काम चालू. हात सुजला, फोड आला, फुटला आणि त्यावर काळंभोर कवच धरलं. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. खपली धरली! आपणही असंच म्हणतो की नाही? खपली धरली म्हणजे जखम भरत आली, आणि खपलीला नख लावायचं नाही. सासूने वरून फडकं बांधून सुनेला दम दिला होता, हात लावशील तर बघ.

मावशी आमच्याकडे आली ती तापाने फणफणत. सर्जन डॉक्टरांनी त्या काळ्या भागावर सुई टेकवली. मावशीने मान वळवून सासूला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा डॉक्टरांकडे बघितलं.

"टोच ना डाक्टर, कवाची थांबलंय."

"टोचलीये," डॉक्टर म्हणाले.

तिने खाली बघितलं. सुई चांगली आत गेलेली होती. तिला कळलंही नव्हतं.

ही खपली नाही, कातडी मेली आहे आणि खाली सडत चाललंय, असं डॉक्टरांनी समजावलं. काळं सगळं कापावं लागेल. तरीही पसरत गेलं तर जीव वाचवायला हातच काढावा लागेल.

सासूने कपाळ बडवलं. "खपली कोन काढतं का? वाट लावाल पोरीची!"

मावशीने तिला डाव्या हाताने मागे सारलं. "काप डाक्टर. काला हाय तेवरा सगला काप. पन बोटा ठेव. बोटा नाय तं माजी जागा दुसरी घेल."

ओट्यावरची जागा बसणारीची, आणि कापता येत नसेल तर बसून करायचं काय? तिची सगळी लढाई त्या जागेसाठी होती.

डॉक्टरांनी कापलं. दुसऱ्या दिवशी कडेला पुन्हा काळं दिसलं, पुन्हा कापलं. लालीच्या कडेने मी पेनने रेघ मारायची. लाली रेघेबाहेर गेली की समजायचं, रोग पुढे सरकला. रेघ कोपराकडे चालली होती. मावशी त्या रेघेला ज्या शिव्या घालायची त्या मी इथे लिहीत नाही.

एका संध्याकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्या पुढे गेली तर हात काढू. तिला सांगून ठेवा, सिस्टर." मी सांगायला गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"उद्याचा उद्या. आज जेवाला काय हाय?"

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आतच होती. मला रडू आलं.

"रडतंस कशाला? पट्टी सोर, बघू दे मना."

पुढे मांडीची कातडी काढून हातावर लावली. बोटं राहिली, पण ताठ. व्यायामाला रबरी बॉल दिला, तर "बॉल मना काय कामाचा?" म्हणून तिने तो परत केला आणि नवऱ्याकडून टॉवेलात गुंडाळून चक्क मासे कापायचा कोयता मागवला. वॉर्डात हलकल्लोळ! शेवटी तडजोड होऊन कोयत्याची नुसती लाकडी मूठ आली. ती आवळत दिवसभर पडून असायची. दुखलं की दात-ओठ खायची, पण मूठ सोडायची नाही.

काही वर्षांनी मूत्रपिंडांनीच तिला नेलं. हाताने नाही. तेव्हा मी मुलुंडच्या हॉस्पिटलात होते, भेट झाली नाही. ते मला फार लागलं.

पण त्याआधी एकदा रविवारी मी मुद्दाम तिच्या बाजारात गेले होते. ओट्यापुढे ही गर्दी. एक गिऱ्हाईक मासे कापणाऱ्या तिच्या खडबडीत हाताकडे टक लावून बघत होतं.

"हाताला काय बघतंस? सुरमय बघ!"

मी पुढे झाले. वाटलं, आता ही उठेल, चहा मागवेल, शेजारणींना माझी ओळख करून देईल. तिने मान वर केली, मला ओळखलं, तोंडभर हसली.

"बाय, धंद्याचा टायम हाय गो. बाजूला हो, गिऱ्हाइकाला येऊ दे."

मी बाजूला झाले. मला इतका आनंद झाला होता की मासे न घेताच घरी आले.