दाबल्यावर काय होतं?

गुडगावात तेव्हा इमारती कमी आणि मोहरीची शेतं जास्त होती. वसुधाताईंचं वेबसाइट बनवायचं ऑफिस एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. खिडकीबाहेर पिवळंधमक शेत, शेतात मोर आणि पलीकडे धुक्यात तरंगणाऱ्या क्रेन. मुलाखतीला गेलो आणि बघतच राहिलो. ताईंनी हाक मारली नाही; माझं बघून होईपर्यंत थांबल्या. ही आमची पहिली ओळख.

त्या काळी आम्ही सगळे सरसकट ‘वेबवाले’. पान रंगवायचं आम्हीच, चालवायचंही आम्हीच. माझे बाबा फौजेत पूल बांधणाऱ्या पलटणीत सुभेदार होते. निवृत्त होऊन ते साताऱ्याला निघाले होते, आणि नोकरी टिकली नाही तर मीही त्यांच्याबरोबर जायचं ठरलं होतं. टिकायची लक्षणं काही दिसत नव्हती. माझी पानं चालायची बिनचूक, पण दिसायची सरकारी नोटिशीसारखी. शेजारच्या टेबलावरच्या रेहानाचं नेमकं उलटं. तीही माझ्यासारखीच दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी. करोल बागेतल्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका दुकानासाठी तिनं असं देखणं पान केलं की मालक हरखून शोधायच्या चौकटीत टाइप करायला लागले, आणि करतच राहिले. चौकट नुसती रंगवलेली होती.

मालक तणतणत गेले. आता दोघांचीही गच्छंती, असं आम्ही धरूनच चाललो. ताईंनी मात्र चहा मागवला, आमची दोन्ही पानं छापून खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी चिकटवली आणि बराच वेळ बघत बसल्या.

मग मला म्हणाल्या, “अरे, तू वाईट डिझायनर नाहीस. तू डिझायनरच नाहीस. हिनं आखलेलं चालतं करणारा आहेस तू, आणि ते काम तेवढंच मोठं आहे.”

तेव्हापासून रोज चहाच्या वेळी नवं पान काचेवर लागायचं. पाहिल्यावर काय वाटतं, हे त्या रेहानाला विचारायच्या आणि दाबल्यावर काय होतं, हे मला. एकाचं उत्तर दुसऱ्यानं दिलेलं चालायचं नाही; ऐकून मात्र दोघांनीही घ्यायचं.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. एका रविवारी आमच्या छावणीतल्या क्वार्टरवर आल्या आणि बाबांना म्हणाल्या की, पुलाचा नकाशा काढणारा वेगळा आणि पूल उभा करणारा वेगळा, तसंच आमच्याकडेही असतं.

“अच्छा, म्हणजे हा उभा करणारा,” बाबा म्हणाले. “मग राहू दे त्याला इथंच.”

बाबा साताऱ्याला गेले. मी राहिलो, तो ताईंमुळे.

आता त्या शेताच्या जागी टॉवर उभे आहेत. ताईंच्या पंचाहत्तरीसाठी आम्ही एक पान केलं. रेहानानं ती जुनी खिडकी रंगवली, मी ती चालती केली. परवा ते ताईंसमोर ठेवलं तेव्हा त्यांनी सवयीनं विचारलं, “दाबल्यावर काय होतं?” आणि स्वतःच बोट लावलं. खिडकी उघडली. बाहेर मोहरी, धुकं, मोर. ताई बघतच राहिल्या. आम्हीही हाक मारली नाही.

ताई, तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. सावकाश बघा. आम्ही थांबलो आहोत.