मावशी, मुंग्या आणि सेक्रेटरी

कांदिवलीत दिवसभरात जेवढी माणसं रागावत असतील, त्या सगळ्यांचा राग एका पातेल्यात ओतला तरी माझ्या नवऱ्याच्या मावशीच्या, सकाळच्या पहिल्या चहाच्या आधीच्या रागाएवढा तो भरणार नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये. लग्न होऊन मला अकरा वर्षं झाली आणि त्यातली निदान नऊ मी या बाईवर चिडण्यात घालवली आहेत. मावशी मूळच्या देवगडकडच्या. काका गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुठेकुठे पहारेकऱ्याची नोकरी करत राहिले आणि एक दिवस झोपेतच गेले. मावशींनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तीस वर्षं काढली. त्यांनी कुणाला काही शिकवलं नाही, पण परीक्षानळी नीट न धुणाऱ्या मुलाला त्या असं काही बोलत, की विज्ञानाचे सर स्वतः आपल्या नळ्या धुऊन ठेवायचे. निवृत्त झाल्यावर राग तसाच राहिला आणि शाळा मात्र गेली. मग तो राग पेपरवाल्याच्या घडीवर निघायचा, दूरदर्शनवर पावसाचा अंदाज सांगणाऱ्या मुलीवर निघायचा, आणि रविवारी आम्ही गेलो की माझ्यावर. मी कोथिंबीर कशी निवडते, यावर मावशी एकदा पाऊण तास बोलल्या होत्या.

माणसांवरचा राग त्यांना पुरेसा काढता येत नसे, म्हणून त्यांनी मांजरं पाळली असावीत असा माझा समज होता. तीन मांजरं होती, आणि तिघांना मावशींचं ज्यांच्याशी पटलं नाही त्यांची नावं होती. जाडी करडी मांजर म्हणजे शालन; हे त्यांच्या नणंदेचं नाव. एक बोका होता तो मुख्याध्यापक. आणि सगळ्यांत धाकटा, पिवळा पट्टेवाला, शेपटी मोडलेला, तो सेक्रेटरी. कारण तो जिन्याखाली सापडला त्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी मावशींच्या कुंड्या हलवायला लावल्या होत्या. जिन्यावरून जाताना आतून आवाज यायचा, "सेक्रेटरी, लाज नाही वाटत, दुसऱ्याच्या ताटात तोंड घालतोस." खरे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावर राहायचे. ते बिचारे मावशींच्या दारावरून पाय न वाजवता जायचे.

घर तळमजल्यावर, इमारत जुनी, बाहेर मातीचा पट्टा. मुंग्या तर असायच्याच. आणि तिथेच मावशींचा खरा अभ्यास होता. मांजराच्या घरात मुंगीचं औषध येता कामा नये, हा त्यांच्या घराचा पहिला नियम. पावडर नाही, फवारा नाही, कापूर नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत. "मांजर पाय चाटतं," त्या म्हणायच्या. "जमिनीवर जे टाकशील ते त्याच्या पोटात जातं. एवढं कळायला कॉलेज लागतं?" मांजरांच्या वाट्या त्या पाणी भरलेल्या पसरट ताटलीत ठेवायच्या, म्हणजे मुंगीला पोहत जावं लागे. मांजरांनी खाऊन संपवलं की पुढच्या मिनिटाला वाटी उचललेली असे. मुंग्यांची रांग दिसली तर ती मारायची नाही. मावशी चष्मा लावून, स्टूल घेऊन तिच्यामागे बसायच्या, कधीकधी तासभर, रांग कुठून येते ते सापडेपर्यंत. मग आलेला सगळा रस्ता साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि भोकात पांढरं सिमेंट भरायचं. "मुंगीला मारून काय होतं? ती दुसरी पाठवते. तिचा रस्ता पुसायचा." हे सांगताना त्या इतक्या चिडलेल्या असत, की रस्ता मीच दाखवला असावा असं वाटे.

सोसायटीने एकदा सगळ्या घरांत फवारणी ठरवली. पाठीवर टाकी घेतलेले दोन लोक मावशींच्या दारात आले, मागे खरे सेक्रेटरी. मावशी उंबऱ्यात स्टूल टाकून बसल्या होत्या. त्यांनी डब्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लावलं, मग खालची बारीक अक्षरं वाचायला लावली. वाचता वाचता तो माणूस 'पाळीव प्राण्यांना दूर ठेवावे' इथे आला. "किती दूर?" मावशींनी विचारलं. त्याने सेक्रेटरींकडे पाहिलं. "माझं घर साडेतीनशे फूट आहे," मावशी म्हणाल्या. "यातलं दूर कुठलं ते दाखवा आणि मारा फवारा." ते लोक वरच्या मजल्यावर गेले. त्यानंतर आठवडाभर मावशींनी जिना पहिल्या मजल्यापर्यंत रोज पुसला आणि मांजरांना बाहेर सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मावशींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दहा दिवस वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून मी मुलुंडहून लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे राहायला गेले. पहिल्या दिवशी काळा चष्मा लावून पलंगावर बसलेल्या मावशींनी मला वाट्या, ताटल्या, फडकी, सगळं समजावलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा समजावलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर, सिंकखाली, साखरेच्या डब्याच्या झाकणात, माझ्या चहाच्या कपाच्या कानावर, सगळीकडे लाल मुंग्या. ऑफिसचे फोन चालू, आणि पलंगावरून आवाज, "पुसलंस? सिंकखाली पुसलंस? माका दिसत नाही म्हणून फसवू नको." मी चार वेळा पुसलं होतं. पाचव्या वेळी मुंगी माझ्या मानेला चावली आणि माझं डोकं फिरलं. भाजी आणते म्हणून मी बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून मुंग्या-झुरळांचा खडू घेऊन आले. सिंकखाली आणि ओट्यामागे मी रागारागाने जाड रेघा मारल्या. त्या मारताना मला जे बरं वाटलं, ते मी लपवणार नाही. दुपारपर्यंत एक मुंगी दिसेना. मावशी म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलंस की जमतं." नऊ वर्षांत त्यांनी केलेली ती माझी पहिली स्तुती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेक्रेटरी सिंकखालून बाहेर आला आणि चालता चालता बसला. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती. कान थरथरत होते, मग पाय, मग सगळं अंग. मी ओरडले नाही, पण काय झालं ते मावशींना माझ्या श्वासावरूनच कळलं असावं. त्या उठून आल्या. चष्मा काढला, सेक्रेटरीचे पंजे बोटांनी चोळले आणि बोट नाकाशी धरलं. पांढरी भुकटी होती.

"खंय लावलंस?" एवढंच विचारलं त्यांनी.

मी सिंककडे बोट दाखवलं. मावशी खाली बसल्या. मी म्हटलं, "मावशी, वाकू नका, डोळा." त्यांनी ऐकलंच नाही. "कोमट पाणी आण. गरम नको. भांडी घासायचा साबण आण." तो थरथरणारा जीव मांडीवर धरून त्यांनी त्याचे चारी पंजे, पोट, शेपटी धुतली, दोनदा. पाणी त्यांच्या तोंडावर उडत होतं. मी मध्ये हात घातला तर त्यांनी तो कोपराने बाजूला सारला. मग टॉवेलात गुंडाळून आम्ही रिक्षाने बोरिवलीच्या जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

"सेक्रेटरी," मावशी म्हणाल्या.

"नाही, मांजराचं."

"तेच त्याचं नाव. लिही लवकर."

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाईन लावलं, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आंघोळ घातलीत ते बरं केलंत. माणसाचं शरीर या खडूचं विष मोडून टाकतं, मांजराच्या शरीराला ते जमत नाही. "कोणी लावला?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "घरात होता."

दोन दिवस सेक्रेटरी तिथेच होता, आणि दोन दिवस मावशी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचा डोळा लालभडक झाला होता. डोळ्यांचे डॉक्टर रागावले, औषधं वाढली. मी सगळं घर पुसलं, खडूची रेघ साबणाने तीनतीनदा घासून काढली, मुख्याध्यापक आणि शालनला आतल्या खोलीत कोंडलं. मावशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मला शिव्या हव्या होत्या. त्या मिळेनात म्हणून माझाच राग वाढत गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो बाहेर काढला. म्हटलं, "मावशी, बोला ना एकदाचं. नऊ वर्षं कोथिंबिरीवरून बोलता, आज एवढं झालं तर गप्प बसता. चुकलं माझं. पण तुमच्या घरात माणसाने श्वास घ्यायचा तरी कसा? प्रत्येक गोष्टीवर राग. कुणालाच काही येत नाही, तुम्हालाच सगळं येतं."

 भिंतीकडेच बघत मावशी म्हणाल्या, "ह्यांची एक मांजर होती. पांढरी. ते कामावरून आले की ताटाशेजारी येऊन बसायची, ते हाताने भरवायचे. घरात मुंग्या झाल्या म्हणून मी ओट्याखाली पावडर टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. तीन दिवसांत गेली ती. मी ह्यांना म्हटलं, बाहेर काहीतरी खाल्लं असेल. त्यांना शेवटपर्यंत तेच माहीत होतं."

मी पलंगाच्या कडेला बसले. "सांगायचं होतंत त्यांना."

"सांगितलं असतं तर ते रागावले नसते गो," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर नाही सांगितलं."

मी नवऱ्याला हे कधी सांगितलं नाही. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, सेक्रेटरी दूध मागतोय. "दूध?" मावशी उठून बसल्या. "मांजराला दूध पचत नाही, एवढंही या डॉक्टरांना ठाऊक नाही?" मी रिक्षा बोलवायला बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले.

सेक्रेटरी आता धडधाकट आहे. थोडा बिचकतो, सिंकखाली जात नाही. मावशींचा डोळाही सुधारला, म्हणजे डॉक्टर म्हणतात सुधारला. त्यांना तो पूर्वीसारखा वाटत नाही. रविवारी आम्ही जातो. पांढरं सिमेंट आता मी भरते, त्या स्टुलावर बसून बघतात. गेल्या महिन्यात एक भोक माझ्याकडून राहून गेलं. मी बोलणी खायची वाट बघत होते. मावशी म्हणाल्या, "राहू दे, पुढच्या वेळी बघू." परवा मी फोन केला, म्हटलं, मावशी, आज यायला जरा उशीर होईल. तिकडून आवाज आला, "सावकाश ये, घाई कसली."

त्या आवाजात राग औषधालाही नव्हता. मी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हटलं, चल, आत्ताच निघू.