जांभळे कोट आणि हिमनदी

आमची बायको म्हैसूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. हिमनदीचा धडा आला की फळ्यावर दोन डोंगर काढायचे, मधे पांढऱ्या खडूनं जाड पट्टा ओढायचा आणि "ही बर्फाची नदी, सावकाश सरकते" म्हणायचं, हे ती लग्नाच्या आधीपासून करत आली आहे. एकदा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मिस, तुम्ही पाहिलीय?" त्या दिवशी घरी आल्यावर ती बराच वेळ चहा ढवळत बसली होती.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला लागला आणि त्यानं "मामा, मे महिन्याच्या सुट्टीत या" म्हटलं, तेव्हा मी ठरवलं, हिला हिमनदी दाखवायची. विमानाची तिकिटं झाली. भाच्याकडे राहायला फुकट. तिथून स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात दोन रात्री आणि डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेनं थेट हिमनदीपर्यंत. ही डोंगरातली रेल्वे भयंकर महाग. तेव्हा बाकी सगळीकडे काटकसर, असा मी हुकूम काढला. म्हैसूरजवळ कडकोळला एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. पैसे वाचवणं हे माझं पोटापाण्याचं काम, शिवाय आवडही.

जेवणासाठी पुळिओगरेचा गोज्जू बरणीभर घेतला. चिंचेचा तो घट्ट मसाला भातात कालवला की झालं. क्रेडिट कार्ड कपाटात ठेवलं, मोह नको म्हणून. राहता राहिले गरम कोट.

"दोन नवे घेऊ या की," बायको म्हणाली.

"रंगाऱ्याच्या घरात कोट विकत? माझ्या चुलतभावाचे दिल्लीतले जुने आहेत. विटलेत तेवढेच. रंगवून देतो."

"अहो, तुमच्या आजोबांनी रंगवलं. तुम्ही होळीत पण रंग नीट कालवत नाही."

ते खरं होतं. आमचे आजोबा देवराज मोहल्ल्यात साड्या रंगवायचे, छापायचे. वडील बँकेत गेले आणि मी तर लोखंडी बोल्ट विकत घेतो. पण रक्तात असतं ना, असं मला वाटायचं. मी बाजारातून जांभळ्या रंगाची पुडी आणली. गच्चीवर चूल मांडली. रंगाच्या भांड्याला आधी हळदकुंकू लावायचं, नारळ वाढवायचा, ही आमच्याकडची चाल मला चांगली आठवत होती. सगळं यथासांग केलं. कोट असे सुरेख जांभळे निघाले की बायकोही म्हणाली, "परवागिल्ल हं, चालतील."

स्वित्झर्लंडच्या त्या खेड्यात आम्ही उतरलो तेव्हा बारीक पाऊस होता. स्टेशनापासून खोलीपर्यंत चालत गेलो, बस कशाला. खोलीत आल्यावर बायकोनं आरशात पाहिलं. मान वांग्याच्या रंगाची. रुमाल, साडीचा पदर, हात, सगळं तसंच. माझ्या पांढऱ्या शर्टाबद्दल मी काही लिहीत नाही.

"हा कोट घालून मी त्या गाडीत बसणार नाही," ती म्हणाली. "त्या लोकांच्या गाद्या रंगवायच्या? आणि कोटाशिवाय वर गेले तर गोठीन."

खेड्यात कपड्यांचं एकच दुकान. सेलमध्ये लावलेला बायकांचा एक करडा कोट होता, त्याची किंमत वरच्या रेल्वेच्या एका तिकिटाइतकी. आणि आमच्या खिशात मोजून दोन तिकिटांचेच पैसे. बायकोनं मोहल्ल्यातल्या सवयीनं घासाघीस करून पाहिली. दुकानदारीण गोड हसली आणि तीच किंमत पुन्हा म्हणाली.

"भाच्याला फोन करतो, पैसे पाठवेल," मी म्हणालो.

"बेडा, नको. आठ दिवस त्याच्याकडे जेवलो, आता पैसे पण मागायचे? परत जाऊ या. डोंगर इथून दिसतोच आहे."

"डोंगर दिसतो. नदी दिसत नाही," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा किंमत न पाडता वस्तू घेतली. "कोट तुझा, तिकीट तुझं. मी खाली थांबतो."

"तुम्हाला नाही पाहायची?"

"मला बर्फ आवडत नाही."

"तुम्ही पाहिलाय कुठे?"

सकाळी ती लाल गाडी तिला घेऊन वर गेली. खिडकीतून तिनं हात हलवला, मग वळून डोंगराकडे पाहू लागली, ती माझ्याकडे परत वळलीच नाही. मी फलाटाच्या कडेला एका बाकावर माझा जांभळा कोट घालून बसलो. बाकावर रात्री पडलेला बर्फ होता. झाडायचा कंटाळा केला.

दुपारी गाडी खाली आली. बायको उतरली. नाक लाल, डोळे ओले. मी विचारलं, "कशी होती?"

ती बाकापाशी आली, उभीच राहिली.

"पोरांना मी इतकी वर्षं पांढरी काढून दाखवली," ती म्हणाली. "भेगांतून निळी आहे हो. आतून निळी. आणि आवाज करते. मधेच कट्ट असा. सगळे गप्प होतात." मग नाक पुसत म्हणाली, "जूनमध्ये शाळा उघडली की सगळ्यात आधी निळा खडू आणायचा."

मी डबा काढायला उठलो. तिनं बाकाकडे पाहिलं. बर्फावर माझ्या बैठकीचा जांभळा ठसा उमटला होता, कडा अगदी रेखीव.

"हे तुम्ही?"

"घराण्याचं छापकाम."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, अर्थात ठसा सोडून. परत आल्यावर माझ्या आत्यानं सांगितलं, लोकरीवर रंग पक्का बसायला आंबट लागतं, चिंचेचं पाणी तरी द्यायचं होतंस. बरणीभर चिंच मी समुद्रापार घेऊन गेलो होतो आणि कोटाला थेंब दाखवला नव्हता.

"पुढच्या खेपेला दोघं जाऊ," पुळिओगरे वाढून घेत बायको म्हणाली. "एक कोट आता आहेच. तुमच्या एकाचाच खर्च."

"तो मी रंगवीन," मी म्हणालो.

तिनं गोज्जूची बरणी माझ्यापुढे सरकवली.