नाव न घेणाऱ्या बाई

"मी नाव घेत नाही, पण..." असं म्हणून बाई थांबायच्या. माइक जरा लांब धरायच्या आणि पदराने चष्मा पुसायच्या. तेवढ्या वेळात आमचं अख्खं गाव हातातलं काम सोडून भोंग्याकडे कान लावायचं. चष्मा इतका काही खराब झालेला नसावा, असं मला आता वाटतं. लोकांना थोडं घाबरायला वेळ मिळावा, म्हणून त्या तो पुसत असाव्यात.

आमचं गाव देवणीच्या अलीकडे, उदगीरच्या रस्त्यावर. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, आणि बाई तिथल्या मुख्याध्यापिका. रोज उदगीरहून एसटीने यायच्या. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, लोक रानात जायच्या आत, त्या महादेवाच्या देवळात जाऊन बसायच्या. देवळातले स्वामी माइक लावून द्यायचे, त्यावर फू फू करायचे, आणि मग बाईंच्या नव्या वर्षाच्या सूचना सुरू व्हायच्या. तुमच्या गावातही अशा सूचना देणारं कोणीतरी असेल. पण त्या ऐकायला माणसं दाराबाहेर येऊन उभी राहतात का, ते मला माहीत नाही. आमच्याकडे राहायची.

"सर्व पालकांचं नव्या वर्षात स्वागत. शाळा उद्या भरते. लेकरांची नखं आज काढा, उद्या शाळेच्या फाटकात नको. आधार कार्ड आणा. जन्मतारीख खरी सांगा. मी नाव घेत नाही, पण या गावातले निम्मे बाप एक जूनला जन्मलेत. लेकरांचं तरी तसं करू नका."

मग पुढचं. "बाजारच्या दिवशी लेकरू घरी ठेवायचं नाही. मी नाव घेत नाही, पण किराणा दुकानासमोर एक निळं दार आहे. त्या दारातल्या मुलाचं दर बाजारला पोट दुखतं, आणि संध्याकाळी तोच मुलगा भजी खाताना दिसतो."

निळं दार गावात एकच होतं. त्या घरातली मामी त्या दिवशी तावातावाने देवळाकडे गेली. आम्ही पोरी मागे मागे.

"बाई, भोंग्यावरून कामून सांगायलाव? घरी येऊन सांगायचं की."

"घरी आले की तुम्ही चहा करता," बाई म्हणाल्या. "चहा पिल्यावर मला कुणाला बोलता येत नाही."

मामी नुसतं "तरी बी..." म्हणाली आणि परत आली. येताना आमच्यावरच ओरडली. पुढच्या बाजारला मात्र तिचा मुलगा शाळेत होता.

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या मुलांचं स्वागत असायचं. बैलगाडीतून मिरवणूक, हातात फुगे, कपाळाला कुंकू. गाडी आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आमची देवणी जातीची जोडी तालुक्यात नावाजलेली, आणि त्या दिवशी अण्णा बैलांना पोळ्यासारखं सजवायचे. शाळेच्या दारात पोचलं की मुलं रडायला लागायची, त्यांच्या आया त्यांच्याहून जास्त. बाईंनी त्यावर उपाय काढला होता.

"आयांनी रडायचं असेल तर त्या लिंबाखाली जाऊन रडा. लेकरं शाळेला बघून रडत नाहीत, तुम्हाला बघून रडतात."

मग लिंबाखाली आयांचा घोळका डोळे पुसत उभा, आणि वर्गात मुलं शिरा खात बसलेली. माझी आईसुद्धा एका वर्षी तिथे उभी होती. ती म्हणते, सगळ्या जणी एकमेकींकडे बघून शेवटी हसायलाच लागल्या.

आता मी ज्या वर्षाबद्दल लिहायचं म्हणून बसले आहे, ते सांगते. मी सातवी पास झाले होते. आमच्या गावात मुली सातवीनंतर घरी राहायच्या. आठवी देवणीला. मुलगे सायकलवर जायचे. मुलींना कोणी "जाऊ नको" असं म्हणायचं नाही, पण जायची कोणीच नाही. माझ्या वर्गात आम्ही चौघी होतो. मला पुढे शिकायचं होतं. ते मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

बाई मे महिन्यात भर उन्हात आम्हा चौघींच्याही घरी आल्या. आमच्या घरी आल्या तेव्हा अण्णा बाजेवर बसले होते. ते उठून उभे राहिले, मला पाणी आणायला सांगितलं.

"पोरीला आठवीला घालायचं ना?" बाईंनी विचारलं.

"हाव की बाई," अण्णा म्हणाले.

"नक्की?"

"हाव की ओ. तुम्ही म्हणल्यावर."

बाई चहा पिऊन गेल्या. मी तांब्या हातात धरून तशीच उभी होते. अण्णा बाजेवर आडवे झाले आणि आईला म्हणाले, "देवणीला कुटं पाठवत बसायचं. बास झालं."

यात अण्णांनी खोटं बोलल्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडची रीतच तशी आहे. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. पाहुण्याला हाव म्हणायचं, चहा पाजायचा, आणि मग आपल्याला जे करायचं ते करायचं. पाहुण्यालाही ते ठाऊक असतं. बाई तर कित्येक वर्षं आमच्यात वावरत होत्या. त्यांना ठाऊक नव्हतं असं मला तरी वाटत नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी भोंगा वाजला. स्वागत झालं, नखं झाली, आधार कार्ड झालं. मग बाई म्हणाल्या, "आज मी नाव घेणार आहे."

चष्मा पुसायला त्या थांबल्या की नाही, माहीत नाही. 

आणि त्यांनी अण्णांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. "यांनी आपली मुलगी आठवीला देवणीला पाठवायचं ठरवलं आहे. आपल्या गावातून आठवीला जाणारी ही पहिली मुलगी. तिच्या आईवडिलांचं शाळेतर्फे अभिनंदन. इतर तीन पालकांनीही मला हाव म्हटलेलं आहे. त्यांची नावं उद्या घेईन."

अण्णा गोठ्यात होते. हातात कडब्याची पेंढी घेऊन ते तसेच बाहेर आले. "मी नुसतं हाव म्हणलो होतो!" ते आईला म्हणाले. "ठरवलं कवा?"

आई उत्तर देणार तेवढ्यात शेजारची आजी साखर घेऊन आली. तिच्या मागे निळ्या दाराची मामी. "भाऊजी, लई मोठं काम केलाव बगा. माझी पोर बी दोन वर्षांनी तुमच्या पोरीसंगं पाठवते." अण्णांच्या तोंडात तिने साखर घातली. आता साखर तोंडात असताना माणूस काय बोलणार. ती विरघळेपर्यंत ते गप्प उभे राहिले. मग टोपी घातली आणि देवळाकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "उद्या गाडी आणत न्हाई म्हणून सांगतो. दुसऱ्याचे बैल बघा म्हणावं."

 मी चुलीजवळ आईच्या शेजारी जाऊन बसले. देवळात पुढे काय झालं, त्यातलं काही स्वामींनी नंतर सांगितलं, आणि काही अख्ख्या गावाने ऐकलं.

अण्णा म्हणाले, "बाई, चूक झालीय तुमची."

बाई म्हणाल्या, "झाली असेल. मग ती सुधारली पाहिजे. हा घ्या माइक. मुलगी जाणार नाही, असं तुमच्या तोंडाने सांगा. मी लगेच माफी मागते."

अण्णांनी माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. आधी आम्हाला नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. आईचा हात तव्यावरच्या भाकरीवर थांबला.

"हॅलो. मी बोलायलोय."

 भाकरी करपायला लागली, तरी आईने ती उलटली नाही.

"ते बाईंनी आमच्या पोरीचं सांगितलं ते..." परत थांबले. मी डोळे मिटले. "देवणीची शाळा पाचला सुटते. आन् एसटीची गाडी चारला निघते. मागची गाडी पार अंधार पडल्यावर. तर ह्या पोरीनी यायचं कसं? नखं काढा म्हणता, कार्ड आणा म्हणता, ह्याचं कोण सांगणार हाय का न्हाई?"

चौकातून कोणीतरी ओरडलं, "खरं हाय!"

माइक चालूच होता. लांबून बाईंचा आवाज आला. "अहो, मग हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"दारात आलेल्या माणसाला नाट कसा लावायचा?" अण्णा म्हणाले. "आन् पाठवणार न्हाई असं मी कुटं म्हणलो?"

"अगं माय," आई हळूच म्हणाली, "मे महिन्यात काय म्हणले मग?" आणि तिने करपलेली भाकरी उलटली.

"अण्णा, माइक चालू हाय," स्वामींचा आवाज आला, आणि खट् करून सगळं बंद झालं.

अण्णा घरी आले ते माझ्याकडे न बघता गोठ्यात गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली. मी गेले तर ते बैलांची शिंगं रंगवत होते. "ते डबडं धर," म्हणाले. मी रंगाचा डबा धरून उभी राहिले. म्हणजे उद्या गाडी जाणार होती. मला तेवढ्यावरून सगळं कळलं.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली. मुलं वर्गात आणि आया लिंबाखाली गेल्यावर आम्हा चौघींचे वडील बाईंबरोबर उदगीरला एसटीच्या डेपोत गेले. धुतलेले कपडे अंगावर होतेच. तिथल्या साहेबांनी आधी अर्ज द्या, मग बघू, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "साहेब, मी नाव घेत नाही, पण एका डेपोची गाडी शाळा सुटायच्या आधीच निघून जाते."

साहेब म्हणाले, "बाई, इथं डेपो एकच हाय."

"म्हणूनच नाव घेत नाही."

अण्णा हा प्रसंग अजून सांगतात. दर वेळी साहेबांचं तोंड थोडं जास्त पडतं.

वेळ लगेच बदलली नाही. बाई परत परत गेल्या. तोवर चौघींचे वडील पाळीपाळीने आम्हाला मोटारसायकलवरून आणायचे. अण्णांना मोटारसायकल चालवता येत नव्हती. आपल्या पाळीला ते दुसऱ्या कोणाच्या मागे बसून देवणीला यायचे, आणि परतताना पोरींनाच जागा पुरायची नाही, म्हणून ते तिथेच उतरून राहायचे. मग आमच्या मागे अंधारात, मिळेल त्या टेम्पोने घरी. आई म्हणायची, "कशाला जाता मग?" ते म्हणायचे, "पाळी हाय की."

दिवाळीच्या आधी चारची गाडी सव्वापाचला झाली.

त्या गाडीने आम्ही दहावीपर्यंत आलो-गेलो. संध्याकाळी आम्ही आमच्या फाट्यावर उतरायचो तेव्हा बाई उदगीरला जायला तिथेच उभ्या असायच्या. आम्ही खाली, त्या वर. त्या दोन मिनिटांत त्या आमचं गणित विचारायच्या, आणि उत्तर चुकलं तर खिडकीतून सांगायच्या. कंडक्टर कंटाळून दोनदा बेल मारायचा.

आता मी नांदेडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. वसतिगृहात मुली विचारतात, तुला कोणी शिकवलं एवढं? मी भोंग्याची गोष्ट सांगते. त्या हसतात. मीही हसते.

बाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. यंदा शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी घरी होते. नवे सर चांगले आहेत. त्यांनी सूचना मोबाइलच्या ग्रुपवर टाकल्या, एकाखाली एक, नीट. अण्णांनी त्या माझ्याकडून वाचून घेतल्या. तरी सकाळी ते उगाच दारात उभे होते. पलीकडे मामीही निळ्या दारात उभी होती. एकमेकांकडे बघून दोघं आपापल्या कामाला लागली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निरोपाच्या दिवशी. मी नांदेडहून मुद्दाम आले होते. शाल-नारळ झाला, भाषणं झाली. सरपंचांनी जीप आणली होती, पण बाई म्हणाल्या, रोजच्या गाडीने जाते. आम्ही सगळे फाट्यापर्यंत गेलो.

गाडी आली. आमच्या गावच्या मुली उतरल्या. त्या उतरतच राहिल्या, इतक्या होत्या. मी बाईंची पिशवी घेऊन आत चढले, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या गावांच्या मुली. दप्तरं मांडीवर, पायात, टपाखालच्या जाळीत. सगळ्या एकदम बोलत होत्या.

"बाई, आज जागा न्हाई ओ," कंडक्टर म्हणाला. "पोरीनीच भरलीय."

"असू दे," बाई म्हणाल्या.

मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि खाली उतरले. खिडकीतून मला त्या दिसत होत्या. एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात नारळ, खांद्यावरून शाल घसरलेली. त्यांच्यामुळे ही गाडी सव्वापाचला निघते, हे त्या मुलींमधल्या एकीलाही माहीत नव्हतं. दोन वेण्यांची एक नवीन मुलगी उठली आणि म्हणाली, "आजी, बसा. कुठं उतरायचंय तुम्हाला?"

"बस गं तू," बाई म्हणाल्या. "मला शेवटपर्यंत जायचंय." आणि गाडी सुटली तेव्हा त्या उभ्याच होत्या, मुलींच्या डोक्यांवरून इकडून तिकडे बघत.