आतले दोन ठिपके

व्हर्लिन क्राउसच्या घरी काचेच्या कपाटात युद्धकाळातल्या अकरा बंदुका होत्या. छऱ्यांच्या, एक बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढणाऱ्या. विमानातून मारा करायला निघालेल्या पोरांना आधी याच बंदुकांनी हवेतल्या मातीच्या थाळ्या फोडायला लावत. व्हर्लिनचे वडील त्या सरावाच्या तळावर बंदुकांच्या दुरुस्तीला होते. हातून गेलेल्या प्रत्येक बंदुकीच्या पुढच्या लाकडी मुठीत, आतल्या बाजूला, ते तापल्या सुईनं दोन ठिपके उठवत. वडील मुलाशी फारसं बोललेच नाहीत. ठिपक्यांचं तेवढं एकदा सांगून गेले होते. म्हणून व्हर्लिन तीस वर्षं नेब्रास्काभर बंदुकांच्या बाजारात मुठी उघडून बघत फिरला. अकरांपैकी एकीतही ठिपके नव्हते.

आता एकोणऐंशी झाले, गुडघ्यांनी हात टेकले. ग्रँड आयलंडचा हा शेवटचा बाजार, असं त्यानं बायकोला, लव्हॉनला, कबूल केलं होतं. "मागच्या तीन वर्षांत तीनदा कबूल केलंस," ती म्हणाली होती.

ओळखीचा विक्रेता डॅरल व्होपाट, त्याच्या टेबलावर तसलीच एक होती. पण कुणा शहाण्यानं ती घासूनपुसून, लोखंडावर नवा निळा मुलामा चढवून, नवरीसारखी चमकवलेली. सरकारी शिक्का पार बुजलेला. संग्राहकाच्या लेखी मेलेली बंदूक.

"उघड की, ठिपकेवाल्या," डॅरल म्हणाला. "तुझ्यासाठी बाजाराच्या नियमानं बांधलेली दोरीसुद्धा सोडून ठेवलीय."

"असल्या रंगवलेल्या बाईला मी हात लावत नाही," व्हर्लिन म्हणाला आणि कॉफी घेऊन बाकावर टेकला. पाय ठणकत होते. खरं तर उठून घरी जायचंही जिवावर आलं होतं.

तासाभरानं एक पोरगी ती बंदूक घेऊन समोर आली. टेस तिचं नाव. डॅरलकडून विकतही घेऊन झाली होती. "आजोबा, धक्का झेलणारं आतलं कडं कसं बसवायचं ते तुम्हाला विचारायला डॅरलनी सांगितलंय. शनिवारी बदकांची शिकार सुरू होतेय."

"चुकीचं बसवलंस तर खांदा मोडेल आणि लाकूड तडकेल," व्हर्लिन करवादला. "आण इकडे."

त्यानं टोपण फिरवलं, मूठ ओढून काढली, आत बोट फिरवलं. मग चष्मा चढवला. दोन ठिपके. शेजारी शेजारी, नीट मापात.

तासापूर्वी डॅरलच्या टेबलापाशी उभा होता तो. नुसता हात लावला असता तरी पुरे होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"माझ्या बापाची खूण आहे ही," तो म्हणाला. "पोरी, मला दे. बदल्यात माझ्या घरच्या अकरांतली हवी ती घे. तिथली सगळ्यात जुनी, मूळ रंगातली घे."

"तुमच्या चालतात का?"

"चालवल्या नाहीत कधी."

टेसनं जरा विचार केला. "नको, आजोबा. राग मानू नका. ही माझ्या खांद्याला अगदी बरोबर बसते. अशी दुसरी सापडायची नाही मला."

राग कसला मानायचा? तिचंही खरं होतं. त्यानं कडं व्यवस्थित बसवलं, हलकं काडतूस असेल तर कसं फिरवायचं ते दोनदा दाखवलं. मूठ परत चढवण्याआधी मात्र त्या ठिपक्यांवरून एकदा अंगठा फिरवला.

ते टेसनं पाहिलं असावं. "तुमचा नंबर द्या," ती म्हणाली. "कधी विकायची झाली तर पहिला फोन तुम्हाला. शब्द माझा."

पोरगी फार तर सव्वीसची असेल. व्हर्लिननं कॉफीच्या पेल्याखालचा कागद घेतला, आपला नंबर लिहिला. थोडा थांबला, आणि त्याखाली आपल्या मुलाचाही लिहून दिला.