कमरोद्दीनचा नियम
जाफराबादचा कमरोद्दीन दिवसा जीपमधून सवाऱ्या न्यायचा. त्या कमाईतूनच रात्री पेशंट जालन्याला पोचवायचं डिझेल निघायचं. पेशंटला काय झालंय, हे मात्र त्याला सांगायचं न्हाई, असा त्याचा नियम. ‘‘कळलं की ॲक्सिलेटरवरचा पाय ऐकत न्हाई. एकाला वाचवता वाचवता सगळेच जातील.’’ कुणी ‘जल्दी’ म्हटलं की तो जीपच थांबवायचा. ‘‘घाई आसंल त्यानं खाली उतरावं.’’

एका रात्री त्याची बायको चाँदबीच मागं आडवी होती. त्यानं चावी आपल्याच हाताखाली शिकलेल्या कडूबाला दिली अन् तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाटेतलं टेंभुर्णी गाव मागं पडलं अन् त्याच्या तोंडून निघालंच, ‘‘कडूबा, जल्दी!’’

कडूबानं जीप थांबवली. मागं न बघता म्हणाला, ‘‘चाचा, उतरता का?’’

कमरोद्दीननं तोंडात रुमाल कोंबला. जीप निघाली, त्यानंच शिकवलेल्या चालीनं.